झरीतले बंदर

आमच्या झरी जामणीला समुद्र नाही, हे सांगायला भूगोलाचे पुस्तक उघडावे लागत नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या कडेला आमचा तालुका. पैनगंगेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे तेलंगण. कापूस, तूर, सागाचे जंगल, कोलामांचे पोड आणि उन्हाळ्यात तव्यासारखी तापणारी काळी माती. पाणी म्हणाल तर नदी-नाल्यांचे, विहिरींचे आणि गावाच्या नावातले. अशा या गावात मी तीस वर्षे इंग्रजी शिकवले.

‘हार्बर’ हा शब्द पुस्तकात कुठे ना कुठे भेटायचाच. मी फळ्यावर त्याचा अर्थ ‘बंदर’ असा लिहून देई आणि सगळा वर्ग खदखदून हसे. आमच्याकडे हिंदी फार कानांवर पडते. बंदर म्हटले की आमच्या पोरांच्या डोळ्यांपुढे जहाज येत नाही, माकड येते. एकाने तर ‘जहाजे बंदरात उभी होती’ या वाक्याचे चित्र काढताना वर झाडावर शेपूट लोंबकळत ठेवलेले माकड आणि त्याच्या खाली एक होडी काढली होती. ते चित्र मी पुष्कळ दिवस जपून ठेवले होते. पुढे पुढे मी शहाणा झालो. ‘बंदर’ लिहिणे सोडून दिले आणि सांगू लागलो, “बाबांनो, हार्बर म्हणजे जहाजाची ओसरी. वादळ आले, रात्र झाली, की जहाज तिथे येऊन टेकते आणि सकाळी आपल्या वाटेने जाते.” हे मात्र मुलांना चटकन समजे. ओसरी काय असते ते कोणाला सांगावे लागत नव्हते.

हे सारे पुन्हा आठवायचे कारण माझी नात. ती मुंबईला वडाळ्याला राहते आणि रोज हार्बरच्या गाडीने कॉलेजला जाते. गेल्या उन्हाळ्यात ती इथे आली असताना एका दुपारी ओसरीवर काही वाचीत बसली होती. मधेच मान वर करून म्हणाली, “आजोबा, ‘टु हार्बर अ ग्रज’ म्हणजे मनात डूख धरणे ना?” मी म्हटले, “हो.” “मग डूख धरणाऱ्याच्या मनात बंदर कुठून आले?”

अर्थ तिला माझ्याआधी तिच्या मोबाइलने सांगितलाच होता. तिला हवे होते ते कारण. कारणे सांगायला अजून म्हाताऱ्या माणसांची गरज लागते, हा विचार मनात येऊन मला थोडे बरे वाटले हे कबूल करतो. तिच्या हार्बरचे कारण सोपे होते. कुर्ल्याहून रे रोडपर्यंतचा तो फाटा १९१० साली गोद्यांच्या बाजूने काढला म्हणून त्याला ते नाव पडले. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी याच वाटेने व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला धावली. रोज त्या गाडीत लोंबकळणाऱ्यांना याचा अभिमान वाटत असेल असे दिसत नाही. असो.

मनातल्या बंदराचे कारण मात्र खोलवर गेलेले आहे. गंमत अशी की हार्बर हा शब्द मुळात समुद्राचा नाहीच. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘हेरे’ म्हणजे सैन्य आणि ‘बेऑर्ग’ म्हणजे आडोसा, रक्षण. सैन्याने रात्री जिथे पाठ टेकायची ती जागा म्हणजे हा शब्द. पुढे त्यातले सैन्य गळून गेले आणि कोणाही वाटसरूचा मुक्काम एवढाच अर्थ उरला. त्याच घराण्यातला जर्मनांचा ‘हेरबेर्ग’, फ्रेंचांचा ‘ओबेर्ज’, इटालियनांचा ‘आल्बेर्गो’ हे सगळे आजही धर्मशाळा, खाणावळ, उतरायची जागा असेच अर्थ सांगतात. जहाजांना हा शब्द मागाहून मिळाला. म्हणजे माकड काढणारा आमचा तो चित्रकार चुकला असेल, पण ओसरी समजणारा वर्ग चुकला नव्हता.

आणि खरे बंदर पाण्याने होत नाही, माणसांनी होते, याची आपल्याच मुलखात दोन ठळक उदाहरणे आहेत. बेने इस्राएल मंडळींची परंपरा अशी सांगते की, त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या. कोकणाने त्यांना ठेवून घेतले. ते तेल गाळू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. आणि १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्राएलला गेले ते मराठी बरोबर घेऊनच. दुसरे उदाहरण कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचे. महायुद्धात घरदार सुटलेले पोलंडचे सुमारे पाच हजार लोक, त्यांत बहुतेक बायका आणि मुले, १९४३ पासून १९४८ पर्यंत तिथे राहिले. वळिवड्यालाही समुद्र नाही.

परंतु ही झाली निरपराध माणसांना आसरा दिल्याची उदाहरणे. तिथे प्रश्न फक्त पोळीचा आणि छपराचा असतो. खरी पंचाईत होते ती दारात उभा असलेला माणूस निरपराध नसतो तेव्हा.

वणीचे एक वकील माझे स्नेही आहेत. त्यांनी मला एकदा फौजदारी कायद्यातला ‘हार्बर’ दाखवला. मराठीत त्याला ‘आसरा देणे’ म्हणतात. १८६० च्या दंडसंहितेत १९४२ साली ५२-अ हे कलम घातले गेले, त्यात या शब्दाचा पसारा सांगितला होता. निवारा, अन्न, पेय, पैसा, कपडे, शस्त्रे, दारूगोळा, प्रवासाचे साधन, यांतले काहीही पुरवले तरी तो आसराच. म्हणजे तांब्याभर पाणीसुद्धा! समोरचा अपराधी आहे हे ठाऊक असून त्याला शिक्षेतून वाचवण्यासाठी दिले, तर तो गुन्हा. १ जुलै २०२४ पासून जुनी संहिता जाऊन नवी न्याय संहिता आली, पण आसऱ्याचा गुन्हा राहिला आहे. या कायद्याला एक हळवा कोपरा आहे. नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला लपवले तर कायदा तिकडे काणाडोळा करतो. मी वकीलसाहेबांना विचारले, “आणि आईने मुलाला लपवले तर?” ते म्हणाले, “आईला सूट नाही, गुरुजी.” कायदा लिहिणाऱ्याला आई नव्हती असे तर म्हणता येत नाही. कदाचित असेही असेल की आईला सूट द्यायची तर मग कोणाला पकडायचे, असा त्याला प्रश्न पडला असावा.

ज्या १९४२ साली ते कलम आले, त्याच वर्षी महाराष्ट्रात घरोघरी तो गुन्हा होऊ लागला. साने गुरुजी भूमिगत झाले, एस. एम. जोशी मौलवीचा वेष घेऊन फिरले, साताऱ्याकडे नाना पाटील वर्षानुवर्षे सापडले नाहीत. त्यांची नावे आपल्याला पाठ आहेत. ज्यांनी त्यांना रात्री दार उघडले, चुलीवर पुन्हा तवा ठेवला आणि सकाळी शेजारणीला “माझ्या माहेरचे आहेत” म्हणून सांगितले, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

आमच्या घरात हा गुन्हा घडला तो देशासाठी नव्हे. १९६३ च्या हिवाळ्यातली गोष्ट. मी दहा वर्षांचा होतो. वडील पटवारी होते. तेव्हा झरी जामणी हा स्वतंत्र तालुका नव्हता, आणि सरकार म्हणजे लोकांच्या लेखी पटवारीच. एका संध्याकाळी जवळच्या पोडावरच्या एका तरुण कोलामाने सावकाराच्या मुनिमाच्या डोक्यात कुऱ्हाडीचा दांडा घातला. कर्जाच्या आकड्यावरून बोलाचाली झाली होती. आकडा खोटा होता असे सगळे म्हणत, पण दांडा खरा होता आणि मुनिमाचे डोके फुटले होते. त्या रात्री मायने मागचे दार उघडले आणि त्या पोराला कापसाच्या खोलीत घेतले. मी ते पाहिले. माय मला एवढेच म्हणाली, “त्यानं काय केलं थे मले माहीत हाय. तो उपाशी हाय, थे पन माहीत हाय. आता झोप.”

तीन दिवस तो तिथे कापसाच्या ढिगाआड होता. वडिलांना हे ठाऊक होते की नाही, याचा मला फार उशिरा उलगडा झाला. रोज जेवायला बसताना ते विचारीत, “मांजर गेली का?” आणि माय म्हणे, “नाही. आजारी हाय.” आमच्याकडे मांजर नव्हती. दुसऱ्या दिवशी जमादार आणि एक शिपाई येऊन ओसरीवर बसले, चहा प्याले. जमादाराने विचारले, “पटवारीसाहेब, इकडे कोणी आलं होतं का?” वडील म्हणाले, “जमादार, सरकारनं मला गावच्या जमिनी मोजायला ठेवलं आहे, माझ्या घरच्या खोल्या मोजायला नाही.” जमादार हसला आणि गेला. वडिलांची नोकरी त्या एका वाक्यावर तरंगत होती.

हे वाक्य खरे की खोटे? जर्मन तत्त्वज्ञ कान्ट याने १७९७ साली या विषयावर एक निबंधच लिहिला. तुमचा मित्र तुमच्या घरात लपला आहे आणि खुनी दारात येऊन विचारतो आहे, तरीही खोटे बोलू नका, असे त्याचे म्हणणे. त्याच्याआधी कितीतरी शतके आपल्या महाभारतात, कर्णपर्वात, श्रीकृष्णाने अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगितली आहे. कौशिकाचे सत्याचे व्रत होते. दरोडेखोरांनी विचारले, त्याने लपलेली माणसे कुठे आहेत ते खरे सांगितले, आणि त्या सत्यापायी तो नरकात गेला. कान्ट आणि श्रीकृष्ण यांच्यात निवडायचे झाले तर माझी माय कोणाकडे गेली असती हे सांगायला नको. पण जमादार काही खुनी नव्हता, आणि आमचा पाहुणा काही निष्पाप नव्हता, हेही विसरता येत नाही.

म्हणून मला शिबी राजाची गोष्ट अधिक जवळची वाटते. लहानपणी आपण ती ऐकतो तेव्हा कबुतराचे तेवढे लक्षात राहते. पण त्या गोष्टीत खरा बोलतो तो ससाणा. “तू याला आसरा दिलास, ठीक. पण मी भुकेला आहे, माझे काय?” असे तो विचारतो, आणि राजाला हे म्हणणे खोडून काढता येत नाही. तो स्वतःच्या मांडीचे मांस तोलून देतो. आमच्या गोष्टीतला ससाणा म्हणजे मुनीम. वडील ते तिन्ही दिवस रोज मुनिमाच्या घरी जात होते, जखम कशी आहे ते पाहत होते, औषधाचे पैसे त्यांनीच दिले. चौथ्या दिवशी दिवसाउजेडी, सगळ्या गावासमोर, त्यांनी त्या तरुणाला आपल्या बंडीत बसवले आणि वणीला वकिलाकडे नेऊन कोर्टापुढे हजर केले. रात्री जंगलात एकटा सापडला असता तर त्याचे काय झाले असते हे सगळ्यांना ठाऊक होते. त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर तो पहिल्यांदा आमच्या घरी आला आणि ओसरीवर न बसता कापसाच्या खोलीच्या दाराशी बसला. वडील त्याच्यावर रागावलेले मी त्याच दिवशी पाहिले. “वर बस,” ते म्हणाले, “आता तू लपलेला नाहीस.”

हे झाले घराबाहेरून येणाऱ्यांचे. आता मनातल्या बंदराकडे वळतो. आपल्या मराठीत त्या ‘हार्बर’ला एक फार चांगला शब्द आहे, ‘बाळगणे’. आपण आशा बाळगतो, भीती बाळगतो, राग बाळगतो, आणि शस्त्रही बाळगतो. व्युत्पत्ती काय असेल ती असो, कानाला त्यात ‘बाळ’ ऐकू येते खरे.

मी स्वतः अकरा वर्षे एक डूख बाळगला. चुलतभावाशी धुऱ्याचा वाद होता. सारा वाद दोन-तीन वितींचा, म्हणजे तुरीची एक ओळसुद्धा नीट बसणार नाही एवढा. वकीलसाहेबांनी ते कलम दाखवले तेव्हा मी मनात हसलो, कारण त्यातली एकही वस्तू मी त्या डुखाला द्यायची ठेवली नव्हती. निवारा तर दिलाच होता. रोज रात्री तीच हकीगत स्वतःला पुन्हा सांगून त्याला जेवू घालीत होतो. त्याला कपडे न्यायाचे घातले होते. मला जमीन नको, न्याय हवा, असे मी चारचौघांत म्हणे. शस्त्र म्हणून मोजणीचा जुना नकाशा होता. वाहनही दिले होते, कारण प्रत्येक लग्नकार्याला मी त्याला बरोबर घेऊन जाई आणि भावाकडे पाठ करून बसे. पैसा किती गेला तो सांगत नाही. माझ्या पत्नीने या कामी मला साथ दिली, पण तिला कायद्याने सूट आहे. पाहुणा रात्रीपुरता म्हणून येतो आणि आपणच त्याचे अंथरूण पक्के करतो. शेवटी काही मोठी क्षमा वगैरे झाली नाही. चुलतभावाला अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यात मी त्याला चमच्याने पेज भरवीत असताना तो तोंड वाकडे करून म्हणाला, “धुरा घेऊन टाक.” मी म्हटले, “तुलाच ठेव.” मग त्यावरही आमचे थोडे भांडण झाले.

नातीला मी इथवर सांगितले. खरे म्हणजे इथेच थांबायला हरकत नव्हती. ती हसत होती. पण ज्या ओसरीवर आम्ही बसलो होतो, तिच्याच पायरीची एक गोष्ट होती, ती मी आजवर घरातही मोठ्याने बोललो नव्हतो.

एप्रिल २०२० चे दिवस. मार्चच्या २५ तारखेपासून सारा देश बंद होता. आमच्या भागातून आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडून दरवर्षी माणसे तेलंगणात मिरची तोडायला जातात. ती तिकडेच अडकली आणि मग उन्हातान्हात पायी निघाली. गावोगावी रस्त्यांवर काटेरी झुडपे टाकली होती, आमच्याही. एका संध्याकाळी शेताच्या पांदणीने चार माणसे आमच्या दाराशी आली. दोन पुरुष, एक बाई आणि आठेक वर्षांची मुलगी. त्यांना चंद्रपूरच्या बाजूला जायचे होते. त्यांतला मोठा म्हणाला, “गुरुजी, ओसरीवर पडतो रातभर. घरात येत नाही. पहाटे निघून जातो.” मी गुरुजी आहे हे त्याला कोणी सांगितले कोण जाणे. बहुधा माझ्या चष्म्याने.

आत पत्नी खोकत होती. तिला वीस वर्षांपासून दमा. रोज बातम्यांत काय ऐकत होतो ते आपल्या सगळ्यांना आठवतच असेल. मी जाळीच्या दाराआडून म्हणालो, “इथे नको. पुढे शाळेत जा. तिथे सोय केली आहे.”

शाळेला कुलूप होते. हे मला ठाऊक होते. किल्ली कुठे असते हेही ठाऊक होते. मी पाण्याची बादली आणि लोटा पायरीवर ठेवून दार लावून घेतले. ते पाणी प्याले, मुलीने तोंड धुतले, मग ते गेले. थोड्या वेळाने कुत्री भुंकल्याचा आवाज आला तो शाळेच्या दिशेने, आणि नंतर तो लांब लांब गेला.

या गोष्टीचा मी पुष्कळ विचार केला आहे. वडिलांनी जोखीम घेतली ती स्वतःच्या नोकरीची. मी घेतली असती ती दुसऱ्याच्या श्वासाची. शिबीने स्वतःची मांडी कापली, बायकोची नाही. तेव्हा ‘नाही’ म्हणण्याबद्दल मी स्वतःला फार दोष देत नाही. काही रात्री देतो, काही रात्री देत नाही. गावातल्या दोघा-तिघांना मी आडून आडून विचारले, तेही म्हणाले, “गुरुजी, त्या दिवसांत कोणीच घेतलं नसतं.” पण मला टोचते ती ओसरी नव्हे, ती शाळा. वडील एक अर्धवट खोटे बोलले ते माणूस घरात राहावा म्हणून. मी पुरते खोटे बोललो ते माणसाने जावे म्हणून, आणि मी नाही म्हणालो असे त्याला वाटू नये म्हणून. दार बंद करणाऱ्याची अब्रूही मला हवी होती आणि उघडणाऱ्याचीही. “माझी बायको आजारी आहे, मला भीती वाटते, मी तुम्हाला ठेवू शकत नाही,” एवढे म्हणालो असतो तर निदान ते कुलपापर्यंत चालत गेले नसते, आणि मुलगी दमलेली होती. किल्ली मागवून शाळा उघडवली असती तर ओसरीचा प्रश्नच उरला नसता. हे त्या वेळी सुचले नाही असेही नाही. सुचले, पण त्यासाठी दाराबाहेर यावे लागले असते.

वकीलसाहेबांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “यात कलम कोणतेच लागत नाही, गुरुजी.” ते बरोबरच होते.

नातीने मधे एकदाही तोंड उघडले नाही. आतून तिच्या आजीने चहासाठी हाक मारली, तरी ती उठली नाही. पायरीकडे पाहत बसली होती. मग म्हणाली, “ती मुलगी आता केवढी असेल?”

मी बोटांवर मोजले. “तेरा-चौदा वर्षांची. नववीत असेल,” मी म्हणालो.

“शाळेत जात असेल तर,” ती म्हणाली, आणि पुस्तक मिटून आत गेली.